एकाच तेलावर तीन कामे : मोटारसायकलच्या वंगणाचा इतिहास

मोटारसायकलमध्ये खनिज तेल घालावे की सिंथेटिक, हा प्रश्न सुट्या भागांच्या दुकानांत रोज विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा डब्यावरील किमतीत शोधले जाते. पण या दोन प्रकारांमधील सीमारेषा गेल्या शंभर वर्षांत अनेकदा सरकलेली आहे, आणि तेल कशापासून बनले यापेक्षा ते यंत्राच्या कोणकोणत्या भागांतून फिरते, या बाबीने मोटारसायकलच्या वंगणाला अधिक वळण दिले आहे.

शर्यतीच्या यंत्रांत आरंभी मान होता तो एरंडेलाला. त्यातील रिसिनोलिक आम्लाच्या रेणूरचनेमुळे एरंडेल तापलेल्या धातूला घट्ट धरून राहते आणि पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या रोटरी इंजिनांत, म्हणजे ज्यांचे सिलिंडरच आसाभोवती फिरत अशा इंजिनांत, पेट्रोल आणि हवेचे मिश्रण क्रँककेसमधून जात असे. तेथे खनिज तेल पेट्रोलने पातळ होऊन धुतले गेले असते, म्हणून एरंडेलच वापरावे लागे. चार्ल्स वेकफील्ड यांनी १८९९ साली स्थापन केलेल्या ब्रिटिश कंपनीने १९०९ मध्ये एरंडेलयुक्त तेलाला कॅस्ट्रॉल हे नाव दिले, आणि तिचे ‘कॅस्ट्रॉल आर’ पुढे कित्येक दशके शर्यतीच्या मोटारसायकलींत राहिले. त्याचा दोष मात्र मोठा होता: हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन ते चिकट थर धरत असल्याने शर्यत संपताच काढून टाकावे लागे, आणि रोज कामावर जाणाऱ्याला ते परवडणारे नव्हते.

रोजच्या वाहनाचा भार त्यामुळे खनिज तेलाने, म्हणजे जमिनीतील कच्च्या तेलाचे शुद्धीकरण करून मिळणाऱ्या वंगणाने, उचलला. पण सर्व कच्ची तेले सारखी नसतात. तेलाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा त्याचा अंतर्गत विरोध, तापमान वाढले की घटते. ती किती कमी-जास्त होते हे मोजण्यासाठी १९२९ साली डीन आणि डेव्हिस या संशोधकांनी श्यानता निर्देशांक मांडला, आणि त्यात पेनसिल्व्हेनियाच्या स्थिर स्वभावाच्या तेलाला १०० तर मेक्सिकोच्या आखाताकाठच्या चंचल तेलाला ० हा अंक दिला. आजची तेले या मोजपट्टीवर शंभराच्या बरीच पुढे गेली असली, तरी तिच्या मुळाशी दोन प्रदेशांच्या भूगर्भातील भेद आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पुढे खनिज तेलात लांब साखळीचे पॉलिमर मिसळून थंडीत पातळ आणि उष्णतेत पुरेसे दाट राहणारे मल्टिग्रेड तेल करता येऊ लागले. ‘२० डब्ल्यू-४०’ या खुणेतील पहिला अंक थंडीतील आणि दुसरा अंक तापलेल्या इंजिनातील वर्तनाचा असतो.

सिंथेटिक तेल, म्हणजे लहान रेणू रासायनिक क्रियेने जोडून हव्या त्या रचनेचे बनवलेले तेल, अमेरिकेत १९२९ च्या सुमारास तयार झाले होते, परंतु खनिज तेल मुबलक असताना त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही. त्याला खरी गती मिळाली ती जर्मनीत, जेथे खनिज तेलाचा तुटवडा होता. आय. जी. फार्बेन या उद्योगसमूहातील हेर्मान त्सोर्न यांनी तेथे साडेतीन हजारांहून अधिक एस्टर, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगातून मिळणारी द्रव्ये, तयार करून पाहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर जेट विमानांच्या इंजिनांना खनिज तेल पुरेनासे झाले आणि तेथे एस्टर रुजले. या टप्प्यावर एक बाब अभ्यासकांच्या नजरेतून सहसा निसटते: जेट इंजिनांच्या या आरंभीच्या तेलांतील एक प्रमुख घटक सेबॅसिक आम्लापासून बनत असे, आणि सेबॅसिक आम्ल मिळते एरंडेलापासून. ज्या बीचे सर्वाधिक उत्पादन आज भारतात, आणि भारतातही मुख्यतः गुजरातेत होते, ती एरंडीची बी जुन्या शर्यतीच्या तेलातून बाहेर पडून नव्या सिंथेटिक तेलात दुसऱ्या रूपाने परत आली होती. रस्त्यावरील वाहनांसाठी मोटुलने १९७१ मध्ये एस्टरवर आधारलेले ‘३०० व्ही’ काढले, आणि १९७४ पासून मोबिलचे ‘मोबिल १’ बाजारात येऊ लागले. त्याचा आधार पॉलिअल्फाओलेफिन हा होता, म्हणजे ओलेफिन नावाच्या लहान रेणूंच्या जोडणीतून मिळणारे एकसारख्या घडणीचे हायड्रोकार्बन.

मोटारकारच्या दृष्टीने इतिहास येथे जवळजवळ पूर्ण होतो. मोटारसायकलचा खरा पेच येथून सुरू होतो. जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींत इंजिन, क्लचची साखळी आणि गिअरबॉक्स यांची वंगणे वेगवेगळी असत, आणि ट्रायम्फने १९५७ नंतर इंजिन व गिअरबॉक्स एकाच आवरणात आणले तेव्हाही ही फारकत टिकून होती. जपानी कारखान्यांनी मात्र एकच तेल तिन्ही ठिकाणी खेळवण्याची पद्धत सर्वत्र रूढ केली. त्यामुळे या तेलावर परस्परविरोधी कामे आली: पिस्टन आणि बेअरिंगमधील घर्षण त्याने कमी करायचे, पण क्लच प्लेटांमधील घर्षण टिकवून धरायचे, आणि शिवाय गिअरच्या दात्यांत चिरडले जाऊनही दाटपणा सोडायचा नाही. गिअरचे दाते मल्टिग्रेड तेलातील पॉलिमरच्या साखळ्या तोडतात, म्हणून मोटारसायकलमध्ये तेल कारपेक्षा लवकर पातळ होते. सिंथेटिक मूळतेलाचा, म्हणजे पॉलिमर आणि इतर द्रव्ये मिसळण्यापूर्वीच्या तेलाचा, श्यानता निर्देशांक स्वभावतःच उंच असल्याने त्यात असे पॉलिमर कमी घालावे लागतात, आणि त्याच्या श्रेष्ठत्वाचा मोटारसायकलपुरता सर्वांत भक्कम आधार हाच आहे.

१९९० च्या दशकात इंधनबचतीसाठी कारच्या तेलांत घर्षण घटवणारी द्रव्ये वाढू लागली आणि तीच तेले मोटारसायकलींत पडल्यावर क्लच स्लिप होण्याच्या तक्रारी आल्या. दोष सिंथेटिकच्या माथी मारला गेला, पण मूळतेलाचा त्यात फारसा वाटा नव्हता. दोषी होती ती वरून मिसळलेली द्रव्ये. जपानच्या जासो या मानक-व्यवस्थेने १९९८ साली टी ९०३ हे मानक काढून क्लचला पुरेसे घर्षण देणाऱ्या तेलांना ‘एमए’ आणि कमी घर्षणाच्या तेलांना ‘एमबी’ ही खूण दिली. २००६ मध्ये ‘एमए१’ आणि ‘एमए२’ असे पोटभेद आले. ही खूण खनिज तेलालाही मिळते आणि सिंथेटिकलाही.

त्याच सुमारास ‘सिंथेटिक’ या वर्गाची कुंपणेही सैल झाली. खनिज तेलावर तीव्र दाबाखाली हायड्रोजनची क्रिया करून त्याचे रेणू फोडून नव्याने बांधण्याच्या प्रक्रियेला हायड्रोक्रॅकिंग म्हणतात. अशा तेलाला कॅस्ट्रॉलने सिंथेटिक म्हणणे योग्य नाही, ही मोबिलची तक्रार अमेरिकेतील जाहिरातींच्या स्वनियमन संस्थेपुढे गेली आणि १९९९ मध्ये निर्णय कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. तेव्हापासून डब्यावरील या शब्दावरून आतील द्रव्याचा उगम ठामपणे सांगता येत नाही, आणि हे ग्राहकाच्या हिताचे झाले असे म्हणणे कठीण आहे.

भारतात खनिज की सिंथेटिक हा प्रश्न उशिरा आला, कारण येथे दीर्घकाळ राजदूत, येझदी आणि पुढे आरएक्स १०० यांसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांचे राज्य होते, ज्यांत टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनासाठीचे, तेल पेट्रोलबरोबरच जळून जात असे. हीरो होंडाची सीडी १०० १९८५ साली आली आणि फोर-स्ट्रोक इंजिन, ओला म्हणजे तेलात चालणारा क्लच व गिअर यांचे सामाईक तेल घरोघरी पोहोचले. आकुर्डीच्या बजाज कंपनीनेही १९९० च्या दशकात तीच वाट धरली. या गाड्यांसाठी लागणारे खनिज मूळतेल देशातच होते. मुंबईतील तुर्भे-माहुल परिसरात एस्सो आणि भारत सरकार यांच्या भागीदारीतील ल्यूब इंडिया कंपनीचा वंगण शुद्धीकरण कारखाना १९६९ मध्ये सुरू झाला आणि १९७४ मध्ये हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाला. स्वस्त खनिज तेल आणि ते वेळेवर बदलण्याची सवय यांवर शंभर सीसीच्या कोट्यवधी गाड्या चालल्या, आणि मर्यादित वेगाच्या, हवेने थंड होणाऱ्या अशा इंजिनासाठी ती निवड चुकीची नव्हती. उंच फेऱ्यांवर चालणाऱ्या, अधिक तापणाऱ्या इंजिनांची गोष्ट निराळी. तेथे सिंथेटिकची उष्णता सोसण्याची ताकद खरोखर उपयोगी पडते.

वेगवेगळ्या तेलांपासून सामाईक तेलापर्यंतचा हा बदल एकाच गाडीत पाहायचा असेल तर बुलेट ही मोटारसायकल पुरेशी आहे. १९५५ पासून मद्रासेत जोडल्या जाऊ लागलेल्या जुन्या बुलेटमध्ये इंजिनाचे तेल वेगळे, क्लचच्या साखळीचे वेगळे आणि गिअरबॉक्सचे वंगण वेगळे असे, त्यामुळे इंजिनात कोणतेही तेल घातले तरी क्लचला त्याची बाधा होत नसे. २००८ नंतर आलेल्या एकसंध बांधणीच्या इंजिनात ही तिन्ही ठिकाणे एक झाली, आणि त्यासाठी कारखान्याने सुचवलेले तेल ‘१५ डब्ल्यू-५०’ श्रेणीचे, जासो एमए खुणेचे आणि सेमी-सिंथेटिक, म्हणजे खनिज व सिंथेटिक मूळतेलांच्या मिश्रणाचे होते.