लिंबू, बर्फ आणि दूध : एका थंड पेल्याचा इतिहास



दुधाच्या पातेल्याजवळ लिंबू नेऊ नये, ही शिकवण आपल्यापैकी प्रत्येकीला आईकडून नाही तर सासूबाईंकडून मिळालेली असते. चार थेंब पडले की दूध नासलेच! वैद्यांचेही सांगणे तेच. दूध आणि आंबट फळे एकत्र घेणे हा विरुद्ध आहार होय, असे चरकसंहितेत म्हटले आहे. बंगालकडे दूध मुद्दाम फाडून छेना काढतात आणि त्याचे रसगुल्ले करतात. पण तेथेही आंबटाचे काम दूध फाडण्याचेच.

असे असताना, दक्षिण अमेरिकेतील ब्राझील देशात लिंबू आणि दूध एकाच पेल्यात सुखाने नांदवणारे एक पेय घरोघर करतात. हिरवी लिंबे, डब्यातले घट्ट गोड दूध, साखर, पाणी आणि भरपूर बर्फ घुसळले की पांढरेशुभ्र, फेसाळ, सायीसारखे मऊ सरबत तयार होते. तिकडे त्याला ‘लिमोनाडा सुइसा’ म्हणजे स्विस लिंबू सरबत म्हणतात. गेल्या चैत्रात मंडळाच्या हळदीकुंकवाला पन्ह्याच्या जोडीला मी ते केले होते. तेव्हा कृती विचारणाऱ्या थोड्या आणि ‘हे नासत कसे नाही?’ असे विचारणाऱ्या पुष्कळ निघाल्या. कृती चार ओळींत सांगता येते. पण नासत का नाही हे समजायला लिंबू, बर्फ आणि दूध या तिघांचा इतिहास पाहावा लागतो. तो मोठा मौजेचा आहे आणि एके ठिकाणी डोळ्यांत पाणी आणणाराही आहे. म्हणून वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी हाच विषय घेतला.

प्रथम लिंबू. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या खालच्या उजव्या हातात जे फळ आहे ते म्हाळुंग. आता शास्त्रज्ञांनी वंशपरीक्षा करून असे ठरविले आहे की, आपल्या कागदी लिंबाचा बाप हे म्हाळुंग आणि आई फिलिपिन्स बेटांकडची एक रानटी आंबट जात. म्हणजे रोज वरणावर पिळतो ते लिंबू देवीच्या हातातल्या फळाचे अपत्यच म्हणायचे! अरब व्यापाऱ्यांनी ही आंबट फळे पश्चिमेकडे नेली. पुढे १४९३ साली कोलंबस दुसऱ्या सफरीवर निघाला तेव्हा त्याने लिंबू-संत्र्यांच्या जातीच्या बिया बरोबर घेऊन अमेरिकेच्या बेटांवर लावविल्या, आणि मागाहून आपले कागदी लिंबूही तिकडच्या उष्ण मुलखात माहेरासारखे रुजले. ब्राझीलमध्ये आज या सरबताला जे बिनबियांचे मोठे हिरवे लिंबू वापरतात, तेही कागदी लिंबाच्याच वंशातले. सून परदेशची दिसली तरी तिचे आजोळ आपल्याकडचे निघावे, तसेच हे झाले.

आता बर्फ. आज फ्रीज उघडला की बर्फ हाताशी येतो, पण एके काळी ती बादशहाची चैन होती. अकबराच्या दरबारात सोऱ्याच्या पाण्यात सुरई फिरवून पिण्याचे पाणी गार करीत. दरबार लाहोरला असताना हिमालयाकडच्या डोंगरांतून नावेने, गाडीने आणि माणसांच्या डोक्यावरून बर्फ आणवीत असत. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त हे सविस्तर लिहून ठेवले आहे.

यापुढची हकीकत तर कादंबरीसारखी आहे. अमेरिकेतील बोस्टन शहरी फ्रेडरिक ट्यूडर नावाचा व्यापारी होता. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतला बर्फ करवतीने कापून उष्ण देशांत विकायचा, असा त्याचा धंदा. लोक त्याला हसत. १८३३ सालच्या मे महिन्यात त्याने ‘टस्कनी’ नावाच्या जहाजात १८० टन बर्फ भरून ते कलकत्त्याला धाडले. चार महिन्यांचा प्रवास आणि दोनदा विषुववृत्त ओलांडायचे. तरी सप्टेंबरात जहाज पोहोचले तेव्हा १०० टनांच्या आसपास बर्फ शिल्लक होता. ही किमया भुशाची. लाकडाच्या भुशात गुंडाळलेल्या बर्फाला बाहेरची उष्णता चटकन पोहोचत नाही. पुढे मुंबईला आणि मद्रासलाही हा बर्फ येऊ लागला आणि तो साठविण्यासाठी बर्फघरे बांधली गेली. मद्रासचे बर्फघर अजून उभे आहे. स्वामी विवेकानंद परदेशातून परतल्यावर १८९७ साली तेथे नऊ दिवस राहिले होते आणि आता ती वास्तू त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

हा बर्फ साहेबलोक आणि श्रीमंत शेठजी यांच्यासाठीच. गरिबाच्या मुलाला तो क्वचित तापात कपाळावर ठेवायला मिळाला तर मिळाला. १८७८ साली कलकत्त्यात यंत्राने बर्फ करणारी कंपनी निघाली, तेव्हापासून तळ्यातल्या बर्फाचे दिवस सरत गेले. बर्फाची लादी स्वस्त होऊन रस्त्यावरच्या गोळेवाल्यापर्यंत पोहोचली. १९५८ साली गोदरेजने आपल्या देशात फ्रीज बनविण्यास सुरुवात केली, आणि मग हळूहळू तो मध्यमवर्गीयांच्या घरांतही आला.

पण नुसता बर्फ असून भागत नाही. पेय गोठवायचे तर बर्फापेक्षाही जास्त थंडी लागते. येथे एका बाईचे नाव घ्यावयास हवे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरच्या नॅन्सी जॉन्सन यांनी ९ सप्टेंबर १८४३ रोजी हाताने फिरवायच्या आइस्क्रीम पॉटचे पेटंट मिळविले. बाहेर लाकडी बादली, आत धातूचा डबा, डब्यात पाती आणि वर दांडा. बादलीत बर्फ आणि खडेमीठ. मिठामुळे बर्फ वितळू लागतो आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता तो आतल्या डब्यातून ओढून घेतो. त्यामुळे थंडी शून्याच्या खाली वीस अंशांपर्यंतही उतरू शकते. पाती फिरत राहिल्याने बर्फाचे मोठे खडे न होता मिश्रण मऊ राहते. आपल्यापैकी अनेकींनी लहानपणी मे महिन्याच्या सुटीत भावंडांशी भांडत जो पॉट फिरविला, तो याच बाईंच्या कल्पनेचा वंशज. त्याआधी आचाऱ्यांना तासन् तास राबावे लागे. आता एका गृहिणीला मुलांच्या मदतीने तो पदार्थ घरी करता येऊ लागला.

राहिले दूध, आणि डोळ्यांत पाणी आणणारा भाग येथे आहे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या मोठ्या शहरांत दूध म्हणजे जिवाशी खेळ होता. न्यूयॉर्क शहरात दारूच्या भट्ट्यांना लागून गोठे असत. भट्टीतला उरलेला चोथा गाईंना घालीत. त्या आजारी गाईंचे निळसर पातळ दूध खडू-पीठ घालून पांढरे करीत आणि ताजे म्हणून विकीत. हजारो तान्ही मुले त्या दुधाने दगावली. १८५८ साली एका सचित्र वर्तमानपत्राने हे गोठे उघडकीस आणले तेव्हा मोठी खळबळ उडाली.

त्याच सुमारास गेल बॉर्डेन हा गृहस्थ दूध टिकविण्याच्या खटपटीत होता. आपण बासुंदी आटवतो तसेच दूध आटवायचे, पण उघड्या कढईत नव्हे. हवा काढून घेतलेल्या बंद भांड्यात दूध कमी उष्णतेवर उकळते, त्यामुळे ते करपत नाही. १८५६ साली त्याने या कृतीचे पेटंट घेतले. पुढे आटवलेल्या दुधात भरपूर साखर घालून ते डब्यात भरू लागले. लोणच्यात जे काम मीठ करते तेच येथे साखर करते, म्हणून दूध महिनोन् महिने टिकते. अमेरिकेच्या यादवी युद्धात सैन्याला हे डबे पुरविले गेले आणि सैनिक घरी परतल्यावर डबाही घराघरांत गेला. १८६६ साली पेज नावाच्या दोन अमेरिकन भावांनी स्वित्झर्लंडमध्ये चाम गावी असा कारखाना काढला. त्यांची कंपनी १९०५ साली नेस्लेत मिळाली आणि १९२१ साली नेस्लेने ब्राझीलमध्ये आरारास येथे कारखाना सुरू केला. डब्यावर गवळणीचे चित्र असे. पोर्तुगीज भाषेत ‘मोसा’ म्हणजे तरुण मुलगी, म्हणून ब्राझीलचे लोक त्याला ‘मुलीचे दूध’ म्हणू लागले आणि तेच नाव कायम झाले. सरबताला स्विस का म्हणतात, तर डबा स्विस कंपनीचा म्हणून, असे तिकडे सांगतात.

परंतु या डब्याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. टिकाऊ दूध मिळाले म्हणून ते तान्ह्या मुलांना पाजण्याची प्रथा अनेक देशांत पडली. त्यात साखर फार आणि बाळाला लागणारी सत्त्वे अपुरी. मुले वरून गुबगुबीत दिसत, आतून मात्र हाडे ठिसूळ होत आणि आजारांना बळी पडत. जमेकात जन्मलेल्या डॉक्टर सिसिली विल्यम्स यांनी मलायात अशी असंख्य बालके पाहिली. १९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबात त्यांनी भाषण केले. त्याचे नाव होते ‘दूध आणि खून’. आईचे दूध सोडवून गोड डब्याचे दूध पाजण्याचा प्रचार करणे म्हणजे मुलांचा खून करणे होय, असे त्यांनी प्रतिष्ठितांच्या तोंडावर सांगितले. पुढे जग जागे झाले. आपल्या देशातही १९९२ साली आईच्या दुधाऐवजी दिल्या जाणाऱ्या पदार्थांच्या जाहिरातीस कायद्याने बंदी झाली. तेव्हा मैत्रिणींनो, हा डबा मिठाईचा आहे, बाळाचा नव्हे. शेजारपाजारच्या नव्या आईलाही हे आवर्जून सांगा.

आता लिंबू आणि दूध भेटले कसे? अमेरिकेच्या दक्षिण टोकाला फ्लोरिडाजवळ लहान बेटांची एक माळ आहे. तेथे गाई थोड्या, बर्फ दुर्मीळ. ताजे दूध टिकणार कसे? म्हणून घराघरांत डब्याचे दूध, आणि परसात आपले कागदी लिंबू. तेथील बायकांच्या ध्यानात आले की, या घट्ट दुधात लिंबू पिळले तर ते फाटत नाही, उलट दाट होते. त्यापासून त्यांनी एक प्रसिद्ध गोड पदार्थ बनविला. कारण असे : साध्या दुधात पाणी पुष्कळ, म्हणून आंबट लागताच आतले सत्त्व गोळा होऊन पाण्यापासून वेगळे होते. आटवलेल्या दुधात पाणी थोडे आणि साखर फार. सत्त्व गोळा होते पण वेगळे न पडता सगळे मिळून घट्ट बसते. सरबतात आपण वरून पाणी घालतो हे खरे, पण तेथे बर्फ धावून येतो. थंडीत आंबटाचे काम फार मंदावते. म्हणजे दूध आटविण्याने आणि बर्फाने लिंबाचा हट्ट मोडला.

आता कृती. सहा लहान पेल्यांसाठी सहा कागदी लिंबे, डब्यातले घट्ट गोड दूध २०० ग्रॅम (म्हणजे ४०० ग्रॅमचा अर्धा डबा), थंडगार पाणी तीन वाट्या, साखर दोन ते तीन चमचे, चिमूटभर मीठ आणि बर्फाचे पंधरा-वीस खडे घ्यावेत. ब्राझीलमध्ये सालीसकट लिंबू घुसळून गाळतात. आपल्या कागदी लिंबाच्या बिया आणि सालीखालचा पांढरा भाग कडवट उतरतो. म्हणून दोन लिंबांची फक्त वरची हिरवी साल किसणीवर हलक्या हाताने किसावी आणि सहाही लिंबांचा रस बिया काढून गाळावा. पाणी, साखर, मीठ, किसलेली साल आणि बर्फ मिक्सरमध्ये आधी फिरवावे. मग दूध घालून फिरवावे आणि लिंबाचा रस सर्वांत शेवटी घालून अर्धे मिनिटच घुसळावे. गोठवलेले हवे असल्यास हेच मिश्रण स्टीलच्या पसरट डब्यात घालून फ्रीजच्या वरच्या कप्प्यात तीन तास ठेवावे, तासातासाने काट्याने खरवडावे आणि वाढण्यापूर्वी पुन्हा एकदा मिक्सरमधून काढावे. घरी जुना पॉट असेल तर उत्तमच. बर्फाच्या तीन-चार वाट्यांना खडेमिठाची एक वाटी या मानाने घालून फिरवावा. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र साधे लिंबूपाणीच घ्यावे, हे बरे.

बादशहाला जो बर्फ डोंगरातून आणवावा लागे तो आज आपल्या हाताशी आहे. ज्या लिंबाला आपण दुधाची वैरीण समजत होतो, त्याने सात समुद्रांपलीकडे दुधाशी सोयरीक केली. या साऱ्यात राजे आणि व्यापारी होते, तशाच दांडा फिरवून थंडी घरी आणणाऱ्या नॅन्सीबाई आणि गोड डब्याचा धोका निर्भीडपणे सांगणाऱ्या डॉक्टर सिसिलीबाईही होत्या. त्या दोघींची नावे आपल्या मुलींच्या कानांवर घालावीत.

शेवटची सूचना : पेले भरले की गप्पा मारीत बसू नये. सरबत कोमट झाले की ते कडवट होते आणि दूध-लिंबाचे जुने भांडण पुन्हा सुरू होते. आधी प्यावे, मग बोलावे!