कुपीवरचा उंदीर

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला रसायन म्हणजे काय हे पुस्तकाआधी नाकाने कळतं. रात्रपाळीच्या बसगाड्या, निळे ड्रम, टँकर आणि वालधुनी नदीचं रंग बदलणारं पाणी हे सगळं लहानपणापासून पाहिलेलं असतं. घरातला कुणी ना कुणी प्लांटमध्ये असतो. त्यामुळे बॅच बसली की फेल गेली, यील्ड किती आलं, सेंट्रिफ्यूज का थांबलं, क्यूसीने माल का अडवला, या गोष्टी इथे जेवताना बोलल्या जातात. अशा माणसाच्या हातात एक कुपी ठेवली तर तो काय म्हणेल, याचं मला कुतूहल आहे. कुपी करंगळीच्या पेरापेक्षा फार मोठी नाही. आत तळाशी पांढुरका थर, तोही असला तर दिसेल. लेबलवर लिहिलेलं असतं: रिकॉम्बिनंट माउस आरएनए-बाइंडिंग प्रोटीन 3. सोर्स: ई. कोलाय. टॅग: हिस. केवळ संशोधनासाठी. आत माल असतो 50 मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा वीस हजारावा भाग, आणि ग्रॅममागे हिशेब केला तर सोनं अगदीच स्वस्त वाटावं.

पहिला प्रश्न बहुतेकांना हाच पडतो, की एवढ्यासाठी किती उंदीर मारले? उत्तर आहे, एकही नाही. या कुपीने उंदीर पाहिलेलाही नाही. मग लेबलवर उंदराचं नाव कशाला, हे समजायचं तर या मालाचं कूळ शोधावं लागतं, आणि ते बरंच भेसळीचं आहे.

उंदराकडचा भाग थोडक्यात सांगतो. घरउंदराचं मूळ माहेर भारतीय उपखंडाच्या वायव्येला आणि इराणकडे असावं, असं अनेक जनुकशास्त्रज्ञ मानतात. तिथून तो धान्यामागे आणि जहाजांतून जगभर गेला. चीन-जपानमध्ये हौसेने रंगीत उंदीर पाळले जायचे, ते युरोप-अमेरिकेत पोचले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅन्बी गावी अ‍ॅबी लॅथ्रॉप ही निवृत्त शिक्षिका असले उंदीर पैदा करून विकत असे. तिच्या उंदरांपासून क्लॅरेन्स कुक लिटल याने 1921 मध्ये सी57 ब्लॅक ही काळी जात सिद्ध केली. पिढ्यान्‌पिढ्या भावंडांचीच जोडी लावायची, म्हणजे सगळे उंदीर जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकसारखे होतात. याच जातीच्या एका मादीच्या जीनोमचा मसुदा डिसेंबर 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून उंदराचं कुठलंही प्रथिन हवं असेल तर त्याचं जनुक संगणकावर वाचायचं आणि रसायनांतून अक्षर अक्षर जोडून तयार करून घ्यायचं, एवढंच काम उरलं.

आपल्याकडेही हा उंदीर उशिरा आलेला नाही. पुण्यात 1917 साली जन्मलेल्या कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, मुंबईत परळला डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात काम करू लागल्या आणि स्तनांच्या कर्करोगाचा अभ्यास त्यांनी उंदरांवरच केला. त्या केंद्राच्या आद्याक्षरांवरून नाव मिळालेली आयसीआरसी ही उंदरांची जात इथेच, असंच अंतःप्रजनन करून तयार झाली. टाटा स्मारक केंद्राचं कर्करोगावरचं बरंचसं संशोधन आता खारघरला अ‍ॅक्ट्रेकमध्ये चालतं, आणि आपल्या बाजूची कितीतरी मुलंमुली लोकल आणि बस बदलत असल्या प्रयोगशाळांत कामाला जातात. रणदिवेबाईंच्या काळात मात्र उंदराचं प्रथिन पाहिजे तर उंदीरच लागायचा. ही अट सुटली ती 1978 मध्ये, आणि या कुळकथेतला मला सर्वांत आवडणारा भाग तोच आहे.

1973 मध्ये स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी जिवाणूच्या गोल डीएनएला, म्हणजे प्लाझ्मिडला, कापून त्यात परका तुकडा जोडता येतो आणि जिवाणू तो सांभाळतो, हे दाखवलं होतं. पण सांभाळणं वेगळं आणि त्यावरून काम करणारं प्रथिन बनवणं वेगळं. सस्तन प्राण्याचं जनुक जिवाणूला वाचता येईल का, आणि वाचलं तर त्यातून निघणारं प्रथिन चालेल का, याबद्दल शंका होती. स्टॅनफर्ड विद्यापीठात रॉबर्ट शिम्के यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या गाठीतल्या अशा पेशी वाढवलेल्या होत्या, ज्यांनी मेथोट्रेक्सेट या औषधाला दाद देणं सोडलं होतं. हे औषध कॅन्सरवर देतात, आज संधिवातावरही देतात. ते डीएचएफआर नावाचं एक एन्झाइम अडवतं. या पेशींनी त्यावर तोड काढली होती ती अशी, की ते एन्झाइमच भरमसाट बनवायचं. साहजिकच त्याचा आरएनए तिथे मुबलक सापडत होता.

त्या आरएनएवरून डीएनए तयार करून अ‍ॅनी चँग, कोहेन, शिम्के आणि सहकाऱ्यांनी तो जिवाणूंत घातला. लाखो जिवाणूंपैकी थोड्यांतच जनुक नीट बसून चालणार, मग ते ओळखायचे कसे? इथे त्यांनी फार सोपी युक्ती केली. ट्रायमेथोप्रिम हे जिवाणूनाशक आपल्याला माहीत आहे, कारण सेप्ट्रानच्या गोळीतला एक घटक तोच आहे. ते जिवाणूचं डीएचएफआर बंद पाडतं, पण सस्तन प्राण्याच्या डीएचएफआरवर त्याचा परिणाम फार कमी होतो. म्हणून तर ती गोळी आपण गिळू शकतो. त्यांनी जिवाणू ट्रायमेथोप्रिम असलेल्या थाळीवर पसरले. ज्यांच्यात उंदराचं एन्झाइम खरोखर तयार होत होतं, तेवढेच जगले. जिवाणूच्या पोटात उंदराचं प्रथिन कामाला लागलं आहे, याचा यापेक्षा नेटका पुरावा मला माहीत नाही. त्याच वर्षी बॉयर यांच्या कंपनीने माणसाचं इन्सुलिन जिवाणूंकडून बनवून घेतलं आणि सगळी प्रसिद्धी इन्सुलिनला मिळाली. ते ठीकच आहे, उंदराच्या एन्झाइमने कुणाचा मधुमेह आवरणार नव्हता. पण आज कुपीवर ‘रिकॉम्बिनंट माउस’ असे शब्द दिसतात त्यांचं थेट मूळ या थाळीत आहे.

आता जिवाणूचं कूळ. लेबलवर नुसतं ई. कोलाय लिहितात, पण कामाला बहुधा बीएल21 ही जात असते. तिचे पूर्वज शोधत संशोधक 1918 च्या पॅरिसमध्ये, पाश्चर संस्थेतल्या फेलिक्स देरेल याच्यापर्यंत पोचले. देरेल म्हणजे जिवाणू खाणाऱ्या विषाणूंना बॅक्टेरिओफेज हे नाव देणारा, पदवीवाचून शास्त्रज्ञ झालेला, कुणाशीही भांडणारा माणूस. हा गृहस्थ 1927 मध्ये हिंदुस्थानात आला होता आणि पंजाबात पटकीच्या रोग्यांना फेज पाजून पाहत होता, विहिरींतही टाकत होता. त्याने वापरलेला जिवाणू पॅरिसहून ब्रसेल्सला, तिथून अमेरिकेला गेला. शेजारणीकडून आणलेलं विरजण जसं घराघरात फिरतं आणि मूळ कुणाचं हे विसरलं जातं, तसंच झालं. पुढे त्याला नुसतं ‘बी’ म्हणू लागले. या बी वंशात काही प्रथिनं चिरणारी एन्झाइम्स जन्मजातच नाहीत. बाहेरचं प्रथिन बनवलं तर ते तो लगेच चावून टाकत नाही, हा त्याचा गुण कारखानदारीला उपयोगी पडला.

ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम स्टडियर आणि बार्बरा मोफॅट यांनी 1986 मध्ये या जिवाणूला टी7 या विषाणूचं एक एन्झाइम बहाल केलं. टी7 हाही फेजच, म्हणजे देरेलच्याच दुनियेतला. त्याचं एन्झाइम स्वतःची खूण असलेलं जनुकच वाचतं आणि झपाट्याने वाचतं. जिवाणू आधी नुसता वाढू द्यायचा, पुरेसा गढूळ झाला की आयपीटीजी नावाची दुधातल्या साखरेसारख्या घडणीचं एक रसायन टाकायचं, की तो आपली कामं बाजूला ठेवून परक्या जनुकाचं प्रथिन बनवत सुटतो. उंदराचा मजकूर, पॅरिसचा जिवाणू, विषाणूचं यंत्र. एवढं झालं तरी हाती येतो तो हजारो प्रथिनांचा चिखलच.

त्यातून आपलं वेगळं काढणं हे खरं एमआयडीसीतलं काम आहे, आणि अंबरनाथच्या कुठल्याही प्लांट ऑपरेटरला ते पाहताक्षणी कळेल. प्रथिनाच्या एका टोकाला हिस्टिडीन या अमिनो आम्लाचे सहा मणी जोडलेले असतात, तोच हिस टॅग. हिस्टिडीन निकेलला चिकटतं. बाझलमध्ये हॉफमन-ला रोश कंपनीच्या एरिक होखुली आणि सहकाऱ्यांनी 1987-88 मध्ये निकेल घट्ट धरून ठेवणारं रेझिन आणि हे सहा मणी यांची जोडी जमवली. स्तंभात निळसर-हिरवं रेझिन भरायचं, फोडलेल्या जिवाणूंचा गाळलेला रस वरून सोडायचा. नको ते वाहून जातं. मग इमिडॅझोलचं द्रावण सोडलं की ते निकेलवरची जागा बळकावतं आणि प्रथिन सुटून खाली येतं. छोट्या नळ्यांत ते झेलायचं, जेलवर चालवायचं, निळा रंग द्यायचा. एकच जाड पट्टा दिसला तर माल चांगला. खाली बारीक पट्ट्यांची शिडी दिसली तर प्रथिन तुटलंय, बॅच गेली.

राहिलं ते प्रथिन स्वतः. पेशीत आरएनए मोकळा फारसा नसतो, त्याला कुणी ना कुणी प्रथिन धरून असतं: कुणी त्याची काटछाट करतं, कुणी त्याला जपतं, कुणी त्यावरून प्रथिन बनायला लावतं. 1980 च्या दशकात गिडियन ड्रायफस यांच्यासारख्या संशोधकांच्या लक्षात आलं, की यातल्या बऱ्याच प्रथिनांमध्ये नव्वदेक अमिनो आम्लांचा एक सारखाच तुकडा असतो. आरबीएम3, म्हणजे आपल्या लेबलवरचं आरएनए-बाइंडिंग प्रोटीन 3, हे त्याच घराण्यातलं. 1997 मध्ये क्योतोच्या जुन फुजिता यांच्या गटाने दाखवलं, की पेशी 37 ऐवजी 32 अंशांवर ठेवल्या तर या प्रथिनाचा आरएनए वाढतो. 2015 मध्ये जिओव्हाना मॅलुची यांच्या ब्रिटनमधल्या गटाने उंदरांचं शरीर 16 ते 18 अंशांपर्यंत थंड करून पुन्हा ऊब दिली, तेव्हा मेंदूतल्या पेशींचे तुटलेले सांधे परत जुळले आणि त्यात आरबीएम3 चा हात होता. मेंदू झिजवणाऱ्या आजाराच्या उंदरांत हे प्रथिन वाढतच नव्हतं, आणि ते बाहेरून वाढवलं तर नुकसान लांबणीवर पडलं. मुंबई परिसरात पारा सर्वांत खाली कुठे गेला, ही हिवाळ्यातली बातमी बहुधा बदलापूरची असते, तेव्हा निदान बदलापूरकरांनी तरी या प्रथिनाची दखल घ्यायला हरकत नाही. (अर्थात काकडत्या पहाटे लोकल पकडल्याने कुणाचा मेंदू सुधारल्याचा पुरावा नाही. त्या उंदरांचं शरीरच थंड केलेलं होतं.)

प्रथिनांचा धंदा या पट्ट्याला नवा नाही. अतिरिक्त अंबरनाथ एमआयडीसीत भारत सीरम्सचा कारखाना आहे. 1971 मध्ये सुरू झालेल्या या कंपनीचं नाव घोड्यांच्या रक्तद्रवापासून बनणाऱ्या सर्पदंशावरच्या औषधाशी जोडलेलं आहे. घोड्याने बनवलेलं प्रथिन गाळून, शुद्ध करून कुपीत भरायचं ही त्यातली जुनी वाट. त्याच कंपनीच्या यादीत वंध्यत्वाच्या उपचारातलं रिकॉम्बिनंट एफएसएच हार्मोनही आहे. 2024 मध्ये मॅनकाइंड फार्माने ही कंपनी साडेतेरा हजार कोटींहून अधिक किमतीला घेतली, त्यावरून या मालाचा भाव कळावा.

आणि इथे उंदीर पुन्हा येतो. गुंतागुंतीची हार्मोन्स आणि अँटिबॉडी जिवाणूला नीट जमत नाहीत. ती चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून आलेल्या, सीएचओ नावाच्या पेशींत बनवतात. न्यूयॉर्कमध्ये 1980 साली डीएचएफआरच नसलेल्या सीएचओ पेशी तयार झाल्या. 1978 च्या त्या निबंधात ज्यांचं नाव होतं त्या रँडल कॉफमन यांनी फिलिप शार्प यांच्यासोबत 1982 मध्ये असल्या पेशींत उंदराचं तेच डीएचएफआर जनुक घातलं. सोबत हव्या त्या प्रथिनाचं जनुक बांधलं आणि मेथोट्रेक्सेटचा डोस वाढवत नेला. जगायचं तर पेशीला उंदराच्या जनुकाच्या प्रती वाढवाव्या लागतात, त्यासोबत दुसऱ्या जनुकाच्याही वाढतात आणि यील्ड चढतं. रिकॉम्बिनंट औषधांच्या उद्योगाचा मोठा भाग या युक्तीवर उभा राहिला.

संशोधनाच्या कुप्या मात्र आपण बहुतांशी अजून परदेशातून, बर्फाच्या पेट्यांत मागवतो. कस्टममध्ये पेटी अडकली की मार्गदर्शक आणि विद्यार्थी दोघांचाही जीव टांगणीला. मला हे पटत नाही. वर सांगितलेल्या साखळीत असं काही नाही जे बरी सोय असलेल्या महाविद्यालयाला जमू नये. प्लाझ्मिड अ‍ॅडजीनसारख्या ना-नफा संस्थेकडून मिळतात, बीएल21 प्रत्येक प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये असतो, निकेल रेझिन परत परत वापरता येतं. 1989 च्या नियमांनुसार संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते, ती मात्र आधी बसवा. उल्हासनगर-कल्याणच्या मायक्रोबायोलॉजी आणि बायोटेकच्या विभागांनी एखादं तरी प्रथिन स्वतः बनवून पाहावं. आणि तयार कुपीच घ्यायची वेळ आली, तर लेबलवरच्या उंदरावर न जाता आधी सीओए, म्हणजे मालाच्या तपासणीचं प्रमाणपत्र, मागा. जिवाणूची आरएनए चिरणारी एन्झाइम्स कुपीत उरली नाहीत ना, हे त्यात तपासलेलं असलं पाहिजे. नसेल तर आरएनएच्या प्रयोगाला ती कुपी बिनकामाची आहे.