कर्मजन

सकाळी नळाचं पाणी गेलं, पेपर भिजून आला, रिक्षावाल्याने सुट्टे मागितले. मी कुरकुरत होतो तेव्हा मुलगी म्हणाली, ‘बाबा, तुम्ही अगदी कर्मजन झालाय!’ कर्मयोग्याच्या गोतातलं काहीतरी असेल म्हणून सुखावलो. इंग्रजी कोश उघडला, तर अर्थ निघाला खडूस म्हातारा.

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकापासून आहे. तेव्हा तो कवडीचुंबकाला लावत. पुढे चिक्कूपणा गळाला, तिरसटपणा उरला. मूळ मात्र अजून सापडलेलं नाही. १७५५च्या कोशात सॅम्युअल जॉन्सन यांनी ‘कर मेशां’, म्हणजे दुष्ट हृदय, या फ्रेंच शब्दांकडे बोट दाखवलं आणि ही माहिती एका अज्ञात पत्रलेखकाची, असंही प्रामाणिकपणे नोंदवलं. वीस वर्षांनी जॉन अ‍ॅश यांनी ती नोंद उचलली आणि छापलं की फ्रेंचमध्ये ‘कर’ म्हणजे अज्ञात आणि ‘मेशां’ म्हणजे पत्रलेखक! नकलेलाही अक्कल लागते, ती अशी.

कर्मजन सतत जे रडगाणं गातो, त्यासाठी अमेरिकी इंग्रजीने यिडिशमधून ‘क्वेच’ घेतला. त्याचा मूळ अर्थ पिळणं. ऐकणाऱ्याला तो लगेच पटतो.

हल्ली ‘कर्मजन’ काहीसं लाडानेही म्हणतात, काही स्तंभलेखक तर बिरुदासारखं मिरवतात. मुलीचा सूर मात्र लाडाचा नव्हता.