ठसा, ओल आणि कमावणी

चामड्यावर नक्षी कोरायला बसलेल्या नवशिक्याची पहिली तक्रार बहुधा एकच असते: ठसा उठतो आणि लगेच मावळतो. दोष तो आपल्या हाताला देतो. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. १८८४ साली न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोम-कमावणीचे पेटंट घेतले. आठवडे खाणारे काम दिवसांवर आले. कातडे मऊ आणि पाण्याला न बधणारे झाले. पण ठसा धरून ठेवण्याचा गुण त्यात उरला नाही. तो गुण साल-फळांनी कमावलेल्या कातड्याचा. ते स्पंजाने भिजवावे, मूळ रंग परतू लागला की पात्याने रेघ कोरावी आणि मग रेघेची एक कड दाबत न्यावी. नक्षीला उठाव येतो तो या दाबामुळे.

कोल्हापुरी चपलेचे कातडे ढोर समाजाने बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावले. कातड्याची ही जाण ज्यांच्या हातांत होती, त्यांनाच समाजाने अस्पृश्य ठरवले. म्हणून नवशिक्याने हत्याराआधी कातडे ओळखावे. आणि ती ओळख मुळात कोणाची, याचेही भान ठेवावे.