एक सप्टेंबर १९४०

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यातून आता उरलंय ते एवढंच: दोन तांब्याचे हंडे, एक मोडकी ओटी आणि पावतीपुस्तकांचा एक गठ्ठा. परवा लॅपटॉपवर माझ्या फ्लॅटचा भाडेकरार भरत असताना तो गठ्ठा उघडला. आजोबांचं किरटं अक्षर. माडीवरच्या दोन खणी खोलीचं १९६२ सालचं मासिक भाडं बारा रुपये. १९९१ सालची पावती काढली, तिच्यावरही बाराच. फरक एवढाच, की पालिकेच्या वाढीव कराचे काही पैसे खाली वेगळे मांडले होते.

लहानपणी वाटायचं, आजोबा भिडस्त होते. खरं कारण एका तारखेत आहे: १ सप्टेंबर १९४०.

महागाईच्या काळात घरभाड्याला लगाम घालायची कल्पना त्याआधीची. पहिल्या महायुद्धात मुंबईत भाडी भडकली, तेव्हा १९१८ साली युद्धापुरता म्हणून एक कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धात तेच पुन्हा घडलं. मग १९४७ साली मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. त्याने 'प्रमाण भाडं' ठरवलं, ते साधारणपणे १ सप्टेंबर १९४० रोजी त्या जागेला जे भाडं होतं तेच. त्या दिवसापासून भाडं गोठलं. भाडेकरू ते देत असेल, द्यायला तयार असेल, तर त्याला काढता येत नव्हतं. मालकाला स्वतःला जागेची निकड आहे, पोटभाडेकरू ठेवलाय, अशी मोजकी कारणं होती, पण ती कोर्टात सिद्ध करावी लागत आणि त्यात वर्षं जात. भाडेकरू वारला, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्यांकडे हक्क जाई.

कायदा मुदतीचा होता. मुदत संपत आली की वाढवली जाई. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हे नवीन नाही. रात्री दोन वाजता लावलेला 'तात्पुरता' पॅच पाच वर्षांनीही तिथेच असतो, कारण तोवर बाकी सगळं त्याच्यावर उभं राहिलेलं असतं.

या पॅचवरही बरंच काही उभं राहिलं. भाडं वाढत नाही म्हटल्यावर जागेची खरी किंमत दुसऱ्या दाराने आली, ती पागडी. घेणं गुन्हा होता, तरी रोखीने सर्रास चालायची. काही मालकांनी 'भाडेकरू नव्हे, परवानाधारक' अशी लिव्ह अँड लायसन्सची वाट काढली. तर १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली, आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानाधारक जागेत राहत होते ते भाडेकरू मानले गेले. एका रात्रीत! त्यानंतर अनेकांनी रिकामी जागा भाड्याने देण्यापेक्षा कुलूप लावून ठेवणं पसंत केलं. मुंबईतल्या जुन्या चाळींची दुरुस्ती मालकांना परवडेना, तेव्हा १९६९ साली सरकारला उपकर लावून दुरुस्ती मंडळ काढावं लागलं. आमच्या पुण्यातल्या वाड्याला असं मंडळ नव्हतं. आजोबा दर पावसाळ्यात कौलं शाकारायचे, आणि सहा बिऱ्हाडांचं वर्षाचं भाडं त्यातच जायचं.

हे सगळं मी मालकाच्या नातवाच्या बाजूने सांगतोय. माडीवरच्या दोन खणांत एक कंपोझिटर राहायचे. ते अकाली गेले. त्यांच्या बायकोने, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, शिवणकाम करून तीन मुलं शिकवली. बारा रुपये भाडं नसतं तर ती मुलं पेठेतल्या शाळेत शिकली नसती. आजोबा कुरकुरायचे, पण पावती द्यायला स्वतः माडी चढून जायचे आणि चहा घेऊनच उतरायचे.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात म्हटलं, की १९४० च्या भाड्याला चिकटून राहणं आता वाजवी नाही. कायदा मात्र रद्द केला नाही, कारण त्याची मुदत संपतच आली होती. ती पुन्हा वाढली, आणि ३१ मार्च २००० पासून नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. त्याने पागडी कायदेशीर केली आणि जुन्या भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ दिली. चार टक्के म्हणजे बारा रुपयांवर अठ्ठेचाळीस पैसे. चक्रवाढीने धरलं तरी पंचवीस वर्षांत बाराचे बत्तीस होतात.

नव्या करारांसाठी मात्र दार पूर्ण उघडलं. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की जागा परत, आणि नाही सोडली तर दुप्पट दराने नुकसानभरपाई. करार नोंदवणं सक्तीचं, जबाबदारी मालकाची. तरीही आपण अकरा महिनेच लिहितो. वर्षाहून मोठा भाडेपट्टा नोंदवावा लागतो या १९०८ च्या कायद्यातून पळवाट म्हणून तो आकडा आला, आणि पळवाट बंद झाल्यावरही राहिला.

वाडा पाडून इमारत झाली. काकूंच्या मुलांना एक फ्लॅट मिळाला, आम्हाला तीन. त्यातला एक माझ्याकडे आहे आणि एक कुटुंब तिथे तीन वर्षं राहतंय. यंदा ब्रोकर म्हणाला, "यांना काढा, सहा हजार जास्त मिळतील." त्याच आठवड्यात त्यांचा फोन आला, "सर, मुलीची दहावी आहे. मार्चपर्यंत राहू द्याल का?"

मी हो म्हटलं. नेहमीची पाच टक्के वाढ घालून पुन्हा अकरा महिन्यांचा करार भरला आणि वेबकॅमसमोर अंगठा उमटवला. चांगलं काही केल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. काकूंना असं कधी कुणाला विचारावं लागलं नव्हतं. आजोबांना नाही म्हणायची सोय नव्हती, मला आहे. त्या मुलीची दहावी माझ्या मर्जीवर होती, आणि पुढच्या वर्षी तिच्या धाकट्या भावाचं काही निघालं तर ते पुन्हा माझ्याच मर्जीवर असेल.