डीव्हीडी किंवा व्हिडिओ अडकत चालतोय? कॉम्प्युटर असा तपासा

दिवाळीनंतर मंडईसाठी मी तुमसरजवळच्या आमच्या गावी गेलो होतो. घर पाहुण्यांनी भरलेलं. आजी म्हणाली, "काकाच्या लग्नाची सीडी लाव ना गा बाबू." ती खरं तर डीव्हीडी होती आणि आजोबांचा घरात तेवढाच व्हिडिओ आहे. जुन्या कॉम्प्युटरवर लावली. आजोबा मांडवात आले आणि नेमकं तिथेच चित्र थांबलं.

"कॉम्प्युटर बिघडला," सगळे म्हणाले. पण आधी दोष कुठे आहे ते शोधायला हवं.

पहिली चाचणी: कॉपी करून बघा

व्हिडिओ दिसण्यासाठी तीन कामं होतात. ड्राइव्ह डिस्क वाचतो, प्लेअर डेटा उलगडतो (म्हणजे डीकोड करतो) आणि ग्राफिक्स चित्र दाखवतं. डिस्कमधलं व्हिडिओ टीएस नावाचं फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी करा. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, त्यामुळे ५ जीबी जागा मोकळी ठेवा.

- कॉपी करतानाच अडकलं, तर दोष डिस्कचा किंवा ड्राइव्हचा.
- कॉपी नीट झाली, पण ती चालवतानाही अडकते, तर प्लेअर किंवा ग्राफिक्स तपासा.

डिस्क आणि ड्राइव्ह

डिस्क मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नाही. मग त्याच ड्राइव्हमध्ये दुसरी डिस्क लावून पाहा. ती चांगली चालली, तर ड्राइव्ह ठीक आहे. लॅपटॉपला बाहेरून ड्राइव्ह जोडला असेल, तर तो हबला न लावता थेट यूएसबी पोर्टला लावा.

घरात अजून विंडोज एक्सपी असेल, तर एक जुनी खोड लक्षात ठेवा. डिस्क वाचताना वारंवार चुका झाल्या की ते ड्राइव्हला वेगवान डीएमए मोडमधून संथ पीआयओ मोडमध्ये टाकतं. मग चांगली डिस्कही अडकते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई चॅनलच्या सेटिंगमध्ये हे दिसतं.

प्लेअर

विंडोज ८ पासून डीव्हीडी चालवण्याची सोय विंडोजसोबत आपोआप मिळत नाही. व्हीएलसी हा मोफत प्लेअर टाका, काम होईल.

ग्राफिक्स

डिव्हाइस मॅनेजर उघडून डिस्प्ले अडॅप्टर्स पाहा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' लिहिलं असेल, तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर चालू नाही. कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून तो टाका. मग व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये इनपुट आणि कोडेक्सखाली हार्डवेअर डीकोडिंग 'ऑटोमॅटिक' ठेवा.

डीव्हीडीचं चित्र ७२० × ५७६ पिक्सेलचं असतं. तुमच्या फोनचा फोर-के व्हिडिओ ३८४० × २१६० चा, म्हणजे बरोबर २० पट! त्यामुळे डीव्हीडी बहुतेक वेळा वाचण्यात अडकते, तर फोनचा व्हिडिओ उलगडण्यात. फोनचा व्हिडिओ एचईव्हीसी प्रकारचा असेल, तर इंटेलच्या सहाव्या पिढीपासूनच्या (२०१५) प्रोसेसरमध्ये तो उलगडण्याची सोय चिपमध्येच आहे. कॉम्प्युटर त्याहून जुना असेल, तर फोनवर १०८०पी आणि एच.२६४ निवडून शूटिंग करा.

आमच्या घरी काय निघालं?

दुसरी डिस्क मस्त चालली. म्हणजे कॉम्प्युटर ठणठणीत होता, लग्नाची डिस्कच थकली होती. घरी लिहिलेल्या डीव्हीडीत रंगाचा थर असतो, तो उष्णतेने आणि उजेडाने खराब होतो. आमची डिस्क तर कित्येक उन्हाळे पत्र्याच्या कपाटात होती. मित्राच्या ड्राइव्हमध्ये ती हळूहळू कॉपी झाली. मधली काही मिनिटं गेली, पण आजोबा मिळाले.

आजीने तेवढा भाग तीनदा लावायला सांगितला.

तुमच्या घरीही अशी डिस्क असेल, तर आजच कॉपी करा आणि दोन ठिकाणी ठेवा. कॉम्प्युटर पुन्हा मिळेल, हा व्हिडिओ पुन्हा मिळणार नाही.