दुपट्याचा इतिहास

नव्या कापडाची खळ तान्ह्या अंगाला टोचते, म्हणून दुपटे सहसा आजीच्या धुऊन मऊ झालेल्या नऊवारीचे असे. घड्या एकावर एक ठेवून त्यांवर धावदोरा घालीत. बंगालमधील याच जातीच्या कांथेला जसीमुद्दीन यांच्या 'नक्षी कांथार माठ' (१९२९) या काव्याने साहित्यात स्थान दिले. १९३९ मध्ये स्टेला क्रामरिश यांनी तिच्यावर अभ्यासलेख लिहिला. आपले दुपटे मात्र जपण्यासाठी शिवलेलेच नव्हते. ते धुण्यात विरे आणि उरलेल्या चिंध्या पुढच्या गोधडीच्या पोटात जात. जे टिकले त्याचाच इतिहास आपण लिहू लागलो, तर सर्वाधिक वापरलेली वस्तू आणि ती शिवणारी बाई, दोघीही त्यातून वगळल्या जातील.